काटोलचा दगड आणि मॅसॅलिया: एल-कोंड्राइट अशनींचे मूळ सापडले असे म्हणता येईल का?

अश्मलेखा

२२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशात मोठा आवाज होऊन अशनींचा वर्षाव झाला, हे विदर्भातील सदस्यांना आठवत असेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गोळा केलेल्या तुकड्यांची तपासणी झाली आणि ती अशनी 'एल ६' या प्रकारची असल्याचे ठरले. कोंड्राइट म्हणजे बारीक गोल कण असलेल्या दगडी अशनी, आणि एल हा सामान्य कोंड्राइटांचा एक गट आहे. एच गटात लोह अधिक, एल गटात त्याहून कमी आणि एलएल गटात एकूण लोहही कमी व धातुरूपातील लोहही कमी, अशी ही ढोबळ विभागणी आहे. सहा हा आकडा मूळ पिंडाच्या पोटातील उष्णतेने दगड किती बदलला ते सांगतो. सहाव्या प्रकारात खनिजांचे पुन्हा स्फटिकीभवन झालेले असते आणि कोंड्राइटांची ओळख असलेले गोल कण पुसट झालेले असतात.

हा धागा काढण्याचे कारण असे की, ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात मार्सेट आणि सहकाऱ्यांनी असा दावा केला आहे की, एल-कोंड्राइटांचा पटण्याजोगा उगम एकच आहे आणि तो म्हणजे मंगळ व गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातील मॅसॅलिया या दगडी लघुग्रहाचे कुटुंब, म्हणजे टकरीत त्यातून निघालेल्या तुकड्यांचा समूह. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक एल गटातल्या आहेत. त्यामुळे दावा खरा असेल, तर काटोलसह जगभरच्या शेकडो अशनींचा पत्ता एका झटक्यात ठरतो.

मॅसॅलियाची ओळख थोडक्यात करून देतो. क्रमांक २०, शोध १९ सप्टेंबर १८५२ रोजी नेपल्समध्ये आनिबाले द गास्पारिस यांनी लावला, आणि दुसऱ्याच रात्री मार्से येथे ज्याँ शाकोर्नाक यांना तो स्वतंत्रपणे सापडला. नाव मार्से शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पडले. तोपर्यंत लघुग्रहांना पुराणकथांतील नावे देण्याचा प्रघात होता, तो येथे प्रथम मोडला. (शोध नेपल्सचा आणि नाव मार्सेचे, ही गोष्ट मला आजही थोडी अन्यायाची वाटते.) व्यास सुमारे १४० किलोमीटर, सूर्यापासूनचे सरासरी अंतर २.४१ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), प्रदक्षिणाकाळ ३.७४ वर्षे आणि स्वतःभोवतीची फेरी सुमारे ८.१ तासांची आहे. वर्णपटानुसार तो एस प्रकारचा, म्हणजे ऑलिव्हिन व पायरॉक्सिन या सिलिकेट खनिजांचा बनलेला दगडी पिंड आहे.

हा पुरावा आपल्याला कितपत भक्कम वाटतो, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

विदर्भीय

धागा उत्तम आहे. एक भर घालतो आणि एक शंका विचारतो. आयआयटी खरगपूरमधील संशोधक आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना काटोलच्या तुकड्यांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडले आणि त्यावरचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, सुमारे ६६० किलोमीटरच्या खाली, विपुल आहे. पण तेथून ते जसेच्या तसे वर येत नाही, दाब उतरला की त्याची रचना मोडते. ते तयार होण्यास सुमारे २३ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब लागतो. दगड काटोलला आपटला तेव्हा एवढा दाब निर्माण झाला असेल का?

अश्मलेखा

नाही. लहान अशनींचा वैश्विक वेग वातावरणातच जिरतो आणि शेवटचे काही किलोमीटर त्या उंचावरून सोडलेल्या दगडासारख्या पडतात. शेतातल्या काळ्या मातीत त्या जेमतेम खड्डा करतात. ब्रिजमनाइट तयार करणारा आघात अंतराळात, दोन लघुग्रहांच्या टकरीत झाला. धक्क्याची लाट दगडातून जाताना वितळलेल्या बारीक शिरा तयार झाल्या, त्यांत क्षणभर प्रचंड दाब व तापमान होते, आणि लगेच निवल्यामुळे ते खनिज टिकून राहिले.

आपल्या शंकेमुळे मुद्दा योग्य जागी आला आहे. आघाताच्या अशा खुणा एल गटात फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्या अशनींतील आरगॉन वायूवरून काळ मोजला असता अनेकांचे उत्तर ४७ कोटी वर्षांच्या आसपास येते. आघाताच्या उष्णतेने आधी साठलेला आरगॉन निघून गेला आणि मोजणी तेथून नव्याने सुरू झाली, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे एल गटाच्या मूळ पिंडावर त्या सुमारास एक महाभयंकर टक्कर झाली, एवढे मॅसॅलियाचे नाव न घेताही मान्य आहे.

योतेबोर्गकर

त्या टकरीचा पुरावा पृथ्वीच्या खडकांतही आहे आणि तो मी राहतो त्या भागाजवळचा असल्याने लिहितो. स्वीडनमधील शिनेकुल्ले डोंगराजवळ थोर्सबेर्ग ही चुनखडीची खाण आहे. फरशा आणि खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी तेथील लालसर दगड कापला जातो. कापलेल्या लाद्यांत कधी कधी काळा डाग आणि त्याभोवती करडे वलय दिसायचे, आणि अशी लादी सदोष म्हणून बाजूला पडायची. ते डाग म्हणजे ऑर्डोव्हिशियन काळातील समुद्राच्या तळाशी पडलेल्या, अक्षरशः जीवाश्म झालेल्या अशनी आहेत. ब्यर्गर श्मिट्स आणि सहकाऱ्यांनी खाणकामगारांच्या मदतीने अशा शंभरावर अशनी गोळा केल्या.

मूळ खनिजे बहुतेक सगळी बदलून गेली आहेत, फक्त क्रोमाइटचे कण तग धरून आहेत. त्यांच्या रासायनिक घडणीवरून या अशनी एल गटाच्या असल्याचे दिसते. एकच ठळक अपवाद आहे: 'ओस्टरप्लाना ०६५' ही अशनी आज पडणाऱ्या कोणत्याही प्रकाराशी जुळत नाही, आणि एल पिंडाला जो दुसरा पिंड धडकला त्याचा तो तुकडा असावा असा तर्क आहे. चुनखडीच्या त्या थरांचे वय सुमारे ४६ कोटी ६० लाख वर्षे आहे. त्या काळात अशनी पडण्याचे प्रमाण आजच्या कितीतरी पट वाढले होते. त्या धुळीमुळे सूर्यप्रकाश अडून पृथ्वी थंड झाली, असाही निबंध श्मिट्स यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडला. तो भाग मला अजून पुरेसा पटलेला नाही.

या जीवाश्म अशनी अंतराळात किती काळ भटकल्या, हेही मोजले गेले आहे. वैश्विक किरणांमुळे दगडात निर्माण होणाऱ्या निऑनच्या समस्थानिकांवरून तो काळ लाखभर वर्षांपासून दहा-बारा लाख वर्षांपर्यंत येतो. खगोलशास्त्राच्या मापाने हा प्रवास विलक्षण वेगवान आहे. टक्कर झाली आणि तुकडे जवळजवळ लगेच पृथ्वीवर पोचले.

संशयात्मा

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु उत्साहाला थोडा आवर घालावा अशी विनंती आहे. १९९०च्या दशकात एच गटाच्या अशनींसाठी हीबी या लघुग्रहाचे नाव पुढे आले आणि अनेक पुस्तकांत ते सिद्ध झाल्यासारखे छापले गेले. २००९ मध्ये नेस्वोर्नी आणि सहकाऱ्यांनी एल गटासाठी गेफियन कुटुंबाचा प्रस्ताव मांडला. २.८ खगोलीय एककांजवळचे ते कुटुंब गुरूच्या ५:२ अनुनादाला (जेथे पिंडाच्या पाच फेऱ्यांत गुरूच्या दोन होतात आणि त्याच्या ओढीने कक्षा बदलत जाते, त्या जागेला) लागून आहे, त्यामुळे जलद प्रवासाचे स्पष्टीकरण सुंदर बसत होते. पुढे गेफियनच्या सदस्यांचे वर्णपट घेतले, तर ते एच गटाकडे झुकणारे निघाले. आता मॅसॅलिया आला आहे. दर पंधरा वर्षांनी अशनींचा पत्ता बदलत असेल, तर या वेळचा पत्ता कायमचा आहे असे कशावरून मानावे?

शिवाय वर्णपटावर एवढा विश्वास ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने लघुग्रहांचा पृष्ठभाग काळवंडतो व तांबूस होतो. एस प्रकारचे लघुग्रह आणि सामान्य कोंड्राइट यांचे वर्णपट जुळत नाहीत, यावर पूर्वी किती वर्षे वाद चालला होता, हे येथील जुन्या वाचकांना माहीत आहेच.

अश्मलेखा

संशयात्मा, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

प्रथम पृष्ठभागाच्या झिजेचा प्रश्न. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या लघुग्रहावरचे कण जून २०१० मध्ये पृथ्वीवर आणले. तो लघुग्रह एस प्रकारचा होता आणि कण एलएल कोंड्राइटांशी जुळले, म्हणून एस प्रकार आणि सामान्य कोंड्राइट यांच्या नात्याचा मूळ वाद तेथे संपला. झीज वर्णपटाचा उतार बदलते आणि पट्टे उथळ करते, पण ऑलिव्हिन व पायरॉक्सिन यांच्या शोषणपट्ट्यांची जागा ती फारशी हलवत नाही. एक व दोन मायक्रॉनजवळच्या त्या पट्ट्यांवरून या दोन खनिजांचे परस्परप्रमाण काढता येते. एच गटात ऑलिव्हिनचा वाटा सर्वांत कमी, एलमध्ये मध्यम आणि एलएलमध्ये सर्वांत जास्त असतो. मॅसॅलिया आणि तिच्या कुटुंबातील सदस्य एल गटाच्या पट्टीत बसतात. मात्र ही पट्टी अरुंद आहे आणि एका लघुग्रहाच्या एका वर्णपटावरून निकाल देणे धोक्याचे आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच कुटुंबातील अनेक सदस्य तपासणे महत्त्वाचे ठरते.

गेफियनच्या वेळी आधी कक्षेचा युक्तिवाद झाला आणि वर्णपट नंतर आले. या वेळी वर्णपट, कक्षा आणि धूळ या तीन गोष्टी एकत्र तपासल्या गेल्या आहेत. मला सर्वांत जास्त पटणारा पुरावा धुळीचा आहे. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहाने सूर्यमालेतील धुळीत काही ठळक पट्टे पाहिले. पट्ट्याचा कल, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी त्याचा कोन, हा ती धूळ ज्या टकरीतून आली त्या कुटुंबाच्या कक्षेचा कल असतो. त्यांतील एक पट्टा १.४ अंशांवर आहे, आणि तो पूर्वी बाह्य पट्ट्यातील थेमिस कुटुंबाशी जोडला जात असे. मॅसॅलिया कुटुंबाचा कलही १.४ अंशच आहे. एल गटासारखा वर्णपट असलेले पृथ्वीजवळचे लघुग्रहही कमी कलाच्या कक्षांतच एकवटलेले दिसतात. गेफियनचा कल नऊ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तेथून आलेले तुकडे असे एकवटले नसते.

प्रतियुती

येथे काहीतरी जुळत नाही. कोणत्याही पंचांगी तक्त्यात मॅसॅलियाच्या कक्षेचा कल ०.७ अंश दिलेला असतो. मग १.४ अंशांच्या धूळपट्ट्याशी तिचे नाते कसे लावता?

गणिती

दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या राशींचे आहेत. ०.७ अंश हा कक्षेचा आजचा तात्कालिक कल आहे. गुरू, शनी आणि इतर ग्रहांच्या ओढीने कक्षेचे प्रतल हजारो वर्षांच्या आवर्तनाने डोलत राहते, आणि त्याबरोबर तात्कालिक कल कमी-जास्त होतो. हे डोलणे गणिताने वजा केल्यावर जो जवळजवळ स्थिर कल उरतो, तो मॅसॅलियासाठी १.४ अंश आहे. एकाच टकरीतून निघालेल्या तुकड्यांचे तात्कालिक कल कालांतराने विस्कटतात, पण हा स्थिर कल सारखाच राहतो. लघुग्रहांची कुटुंबे त्यावरूनच ओळखली जातात, आणि धुळीचा पट्टाही त्याच कलावर तयार होतो.

आता योतेबोर्गकरांनी सांगितलेल्या जलद प्रवासाचे गणित करून पाहू. २.५० खगोलीय एककांवर गुरूचा ३:१ अनुनाद आहे. तेथील पिंड सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेव्हा गुरूची एक फेरी होते. डॅनियल कर्कवूड यांनी १९व्या शतकात दाखवलेल्या रिकाम्या जागांपैकी ही एक, आणि येथे सापडलेल्या कक्षा अनियमितपणे लांबट होत जाऊन पृथ्वीच्या मार्गाला छेदतात, हे १९८०च्या दशकात जॅक विस्डम यांनी संगणकावर दाखवले. मॅसॅलिया २.४१ वर आहे, म्हणजे अंतर ०.०९. तिचा कक्षीय वेग सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर आहे. कक्षेचा आकार एवढा वाढवण्यासाठी वेगात सेकंदाला साधारण ३५० मीटरची भर लागते. मोठ्या टकरीत लहान तुकड्यांना एवढा वेग मिळणे अशक्य नाही. असा तुकडा थेट अनुनादात जाऊन पडतो आणि काही लाख वर्षांत पृथ्वीवर येऊ शकतो.

ज्यांना एवढा वेग मिळाला नाही, त्यांना यार्कोव्हस्की परिणामाची वाट पाहावी लागते. फिरणारा दगड दिवसा तापतो आणि त्याच्या दुपारनंतरच्या बाजूने अधिक उष्णता बाहेर पडते. त्या उत्सर्जनाचा अतिसूक्ष्म रेटा कोट्यवधी वर्षे साठत गेला की कक्षा हळूहळू आत किंवा बाहेर सरकते. एक किलोमीटरचा पिंड दहा लाख वर्षांत अंदाजे एका खगोलीय एककाचा दहा हजारावा भाग सरकतो, लहान दगड त्याहून बरेच जलद सरकतात.

संशयात्मा

गणित पटले. पण मग माझी अडचण वाढते. ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीतील तुकडे एवढ्या झपाट्याने आले आणि उरलेले यार्कोव्हस्कीने ओढले गेले, तर आज त्याच टकरीचा माल एवढ्या मोठ्या प्रमाणात का पडत आहे? मधल्या काळात लहान दगड आपसांत आपटून दळून निघायला हवे होते.

अश्मलेखा

हाच प्रश्न २०२४ मधील कामाच्या केंद्रस्थानी आहे. त्याच सुमारास मिरोस्लाव ब्रोझ आणि सहकाऱ्यांचाही निबंध आला. त्यांच्या मते आज पडणाऱ्या अशनींपैकी सुमारे ७० टक्के केवळ तीन तरुण कुटुंबांतून येतात: एक कारिन, दुसरे कोरोनिस कुटुंबातील एक तरुण उपकुटुंब, आणि तिसरे मॅसॅलिया. त्यांची वये अनुक्रमे सुमारे ५८ लाख, ७६ लाख आणि ४ कोटी वर्षे आहेत. पहिली दोन एच गटाची, तिसरे एल गटाचे. कुटुंब तरुण असले की त्यात मीटरभर आकाराचे दगड अजून भरपूर शिल्लक असतात. जुन्या कुटुंबांतला तो साठा, आपण म्हणता तसा, दळून संपलेला असतो. आकाराने प्रचंड असलेली काही जुनी कुटुंबे अशनींच्या बाबतीत जवळजवळ वांझ का आहेत, याचेही उत्तर येथेच मिळते.

म्हणजे मॅसॅलियावर दोन टकरी झाल्या. ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीने खडक भाजून निघाला, त्यात काटोलमध्ये दिसते तसली धक्क्याची खनिजे बनली आणि आरगॉनची मोजणी नव्याने सुरू झाली. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीने त्याच भाजलेल्या खडकाचे ताजे तुकडे अवकाशात उडवले. पहिल्या टकरीची तारीख आरगॉन सांगतो. दुसरी तारीख वैश्विक किरणांच्या खुणांत असते, कारण दगड पिंडाच्या आत गाडलेला असेपर्यंत ते किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. एल-कोंड्राइटांच्या अशा किरणकाळांत ४ कोटी वर्षांच्या आसपास खरोखरच एक गर्दी दिसते, आणि एच गटाची ठळक गर्दी ७० लाखांच्या जवळपास आहे. ही मोजमापे दशकानुदशके प्रयोगशाळांत पडून होती आणि ती कुटुंबांच्या वयांशी कोणी मुद्दाम जुळवून घेतलेली नाहीत. म्हणून मला हा मेळ वर्णपटांपेक्षाही अधिक वजनदार वाटतो.

विदर्भीय

तर काटोलची अशनी मॅसॅलियावरून आली, असे आम्ही आमच्या शाळेतल्या मुलांना सांगावे का?

अश्मलेखा

"काटोलची अशनी ज्या गटातली आहे, तो गट बहुधा मॅसॅलिया कुटुंबातून आलेला आहे" असे सांगावे. एखाद्या विशिष्ट दगडाबद्दल ठाम बोलायचे, तर त्याचा आकाशातील मार्ग अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला हवा. त्यावरून कक्षा काढता येते. युरोप व ऑस्ट्रेलियात अशा कॅमेऱ्यांची जाळी आहेत. काटोलची घटना भर दुपारी उन्हात घडली. आणि कक्षा मिळाली असती तरी ती प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याची असती, कारण अनुनाद आणि ग्रहांच्या भेटी मूळ कक्षेच्या खुणा बऱ्याच पुसून टाकतात. म्हणून हा निर्णय नेहमी समूहाबद्दलच राहणार.

संशयात्मा

या शब्दांत मांडलेला दावा मला मान्य आहे. मॅसॅलियावर यान जाऊन नमुना आणत नाही, तोवर "बहुधा" हा शब्द मुलांनाही सांगावा.

योतेबोर्गकर

थोडे जोडून घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोफिया या विमानातील दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून आयरिस आणि मॅसॅलिया या दोन लघुग्रहांच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू असल्याचे जाहीर झाले. सूर्याजवळ घडलेले सिलिकेट पिंड कोरडे असावेत अशी अपेक्षा असल्याने त्याला महत्त्व आले. प्रमाण चंद्राच्या उजेडातील भागावर सापडले त्याच दर्जाचे आहे. उगमाच्या वादात याचा उपयोग होईल असे मात्र वाटत नाही, कारण पृथ्वीवर पडलेल्या अशनीत इथले पाणी फार लवकर शिरते.

प्रतियुती

निरीक्षकांसाठी थोडे लिहितो. मॅसॅलियाची प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या नेमके समोर येणे, साधारण सोळा महिन्यांनी येते. उपसूर्याजवळची (कक्षेत सूर्याला सर्वांत जवळ असतानाची) प्रतियुती असेल तर दृश्य प्रत (तेजस्वितेचे माप, आकडा लहान तितके तेज जास्त) ८.३ च्या आसपास जाते आणि अंधाऱ्या आकाशाखाली ५० मिलिमीटरच्या द्विनेत्रीतूनही ती दिसते. अपसूर्याकडची (सूर्यापासून सर्वांत दूर असतानाची) असेल तर प्रत दहाच्या जवळ उतरते आणि लहान दुर्बीण लागते. कक्षेचा कल अत्यल्प असल्याने ती क्रांतिवृत्तापासून फार दूर जात नाही, त्यामुळे राशींच्या नकाशात शोधणे सोपे पडते. लागोपाठच्या दोन-तीन रात्री एकाच तारकाक्षेत्राचे चित्र काढावे, जो ठिपका सरकला तो लघुग्रह.

ज्यांच्याकडे कॅमेरा जोडलेली दुर्बीण आहे, त्यांनी एका रात्रीत सलग आठ-नऊ तास तेजस्वितेची नोंद घ्यावी. हिवाळ्यातील प्रतियुती असेल तर एवढी लांब रात्र आपल्या अक्षांशावर मिळते आणि मॅसॅलियाची पूर्ण एक फेरी पदरात पडते. चढउतार प्रतीच्या दोन-अडीच दशांशांचा असतो, म्हणून तुलनेचे तारे रंगाने सूर्यासारखे निवडावेत. लाल तारा घेतला तर क्षितिजाजवळच्या नोंदी खात्रीने बिघडतात. पुढच्या प्रतियुतीच्या नोंदी कोणाला द्यायच्या असल्यास याच धाग्यावर वेळ भारतीय प्रमाणवेळेत न लिहिता विश्ववेळेत लिहावी, म्हणजे योतेबोर्गकरांच्या नोंदी आपल्या नोंदींना जोडता येतील.